गोल दिव्याकडून काय घेतलं, काय सोडलं

जीपने 1986 मध्ये ‘रँगलर’ ही नवी गाडी बाजारात आणली आणि तिला चौकोनी हेडलाइट बसवले. गाडी चालवायला आधीच्यापेक्षा सुखावह होती, रस्त्यावर जास्त स्थिर होती. पण जुन्या जीपमालकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. अस्सल जीपचे दिवे गोलच असतात, अशा अर्थाचे स्टिकर त्यांनी आपल्या जुन्या गाड्यांच्या बंपरवर डकवले. दहा वर्षांनी पुढची रँगलर आली ती गोल दिवे घेऊनच, आणि त्यानंतर कंपनीने चौकोनाचं नाव काढलेलं नाही.

पोर्शेची कथाही याच वळणाची. 1997 मध्ये ‘911’ची नवी पिढी आली. खर्च वाचावा म्हणून तिचा पुढचा बराचसा भाग स्वस्तातल्या ‘बॉक्स्टर’शी सामाईक ठेवला होता, त्यात हेडलाइटही आले. इंडिकेटर पोटात घेतलेला तो पसरट, ओघळल्यासारखा दिवा चाहत्यांना इतका खटकला की त्याला ‘फ्राइड एग’ असं नाव पडलं. 2004 मध्ये पुढची पिढी आली तेव्हा दिवे पुन्हा गोलाईकडे वळले होते. आज तीच खटकलेली गाडी चांगली चालते म्हणून शोधली जाते, हा भाग वेगळा.

मोटारीच्या इतर कुठल्या भागाबद्दल लोक इतके हळवे नसतात. दाराची मूठ बदलली, डॅशबोर्ड बदलला, अगदी इंजिन जाऊन बॅटरी आली तरी कुरकुर मर्यादित राहते. हेडलाइट मात्र गाडीचे डोळे असतात आणि ओळख डोळ्यांवरून पटते. म्हणूनच आज दिव्याला कोणताही आकार देता येत असताना डिझायनर पन्नास-साठ वर्षांमागच्या गाड्यांकडे पाहून रेघ ओढतात. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की जुन्या दिव्याचा चेहरा उचलताना त्याचे गुण मागेच राहिले, आणि त्याची किंमत रात्रीच्या रस्त्यावर सगळे मोजतात.

मुळात दिवा गोल का होता? सौंदर्यासाठी नक्कीच नाही. अन्वस्त आकाराच्या अंतर्वक्र आरशाच्या नाभीत ज्योत किंवा तार ठेवली की प्रकाश समांतर झोतात पुढे जातो. असा आरसा पत्र्यापासून घडवायचा तर गोल तोंडाचा सगळ्यात सोपा आणि स्वस्त. ॲसिटिलीन वायूवर जळणाऱ्या दिव्यांच्या काळापासून हे गणित चालत आलं. विजेचे दिवे आले तरी ते बदललं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे दिवे तर बिजागरीवर बसवलेले होते. एक नट सैल करून दिवा उलटा फिरवला की तोच उजेड बॉनेटखालच्या इंजिनावर पडायचा आणि सैनिकाला हातात बॅटरी न धरता दुरुस्ती करता यायची. यंत्राला उपयोगाने घडवलेला चेहरा म्हणतात तो हा.

गोलाईला पुढे कायद्याचं बळ मिळालं. अमेरिकेने 1940 मध्ये काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेला ‘सील्ड बीम’ दिवा प्रमाण ठरवला: व्यास 7 इंच, म्हणजे 178 मिलिमीटर, प्रत्येक गाडीला दोन. 1950च्या दशकाच्या अखेरीस चार छोटे गोल दिवे चालतील असं ठरलं, 1970च्या दशकाच्या मध्यावर चौकोनी दिव्यांना परवानगी मिळाली, आणि बल्ब वेगळा बदलता येईल असे गाडीच्या अंगाबरोबर वळणारे दिवे यायला 1984ची ‘लिंकन मार्क सेव्हन’ उजाडावी लागली. चार दशकांहून अधिक काळ तिथल्या डिझायनरला दिव्याचं माप सरकारने दिलेलं होतं. हे बंधन अटलांटिकच्या अलीकडेही पोचलं. 1961ची जॅग्वार ‘ई-टाइप’ काचेच्या निमुळत्या आवरणाआडच्या दिव्यांसह जन्मली, आणि अमेरिकी नियमांपायी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला ती आवरणं काढावी लागली. फोक्सवॅगन बीटलचे मागे कललेले, काचेखालचे दिवे त्याच सुमारास उभे झाले. आज आपण ज्याला अभिजात चेहरा म्हणतो त्यातला बराच भाग कलाकाराच्या कागदावर नव्हे, तर नियमपुस्तिकेत आखला गेला आहे.

युरोपात मात्र दिव्यांवर खरा विचार चालू होता. ओसरामने 1925 मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा घातल्या आणि दूरचा झोत व जवळचा झोत, म्हणजे आपल्या बोलण्यातला अप्पर-डिपर, एका दिव्यात आला. 1950च्या दशकात असमान डिपर रुळला. त्यात रस्त्याच्या मधल्या बाजूला झोत खाली कापलेला आणि कडेच्या बाजूला थोडा वर चढलेला असतो, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि कडेने चालणारा माणूस दिसतो. 1962 मध्ये हॅलोजन बल्ब आला. पण सगळ्यांत मोठी झेप सिट्रोएनची. 1967 मध्ये ‘डीएस’ या गाडीला काचेआड दोन-दोन दिवे बसवले गेले. आतले दिवे स्टिअरिंगबरोबर वळायचे आणि वळणाच्या पोटात आधीच उजेड टाकायचे. बाहेरचे दिवे सस्पेन्शनला जोडलेले असायचे. गाडीचा मागचा भाग ओझ्याने दबला किंवा ब्रेक लागून नाक खाली गेलं तरी झोत आपल्या पातळीवर राहायचा. ना संगणक, ना सेन्सर. तारा आणि दांडे यांच्या जोरावर हे साधलं होतं. अमेरिकेत हे दिवे नियमात बसत नव्हते, म्हणून तिथल्या ग्राहकांना तीच गाडी साध्या, न वळणाऱ्या दिव्यांनिशी मिळाली.

जुन्या गाड्यांकडून शिकायचं असेल तर ते ‘डीएस’कडून. दुर्दैवाने नक्कल झाली ती जास्त करून बाह्यरेषेची.

1990च्या दशकात झेनॉन आले, मग 2000 नंतर एलईडी. एलईडीला आरशाच्या गोल तोंडाची गरज नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान चिपमधून आणि छोट्या भिंगातून पूर्ण झोत निघतो. डिझायनरचे हात पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने मोकळे झाले आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी जुनी चित्रं काढली. बीएमडब्ल्यूने 1968 पासून जपलेली चार गोल दिव्यांची ओळख 2000 मध्ये उजेडाच्या कड्यांत बदलली. आतला दिवा कसाही असो, रात्री लांबून चार वर्तुळं दिसली की गाडी कळायची. ही कल्पना खरोखर चांगली होती, कारण तिथे स्मृती प्रकाशातच उतरवली होती, प्लास्टिकच्या सजावटीत नाही. फियाटने 1957च्या छोट्या ‘500’ला पन्नास वर्षं झाल्यावर 2007 मध्ये त्याच गोल डोळ्यांसह नवी ‘500’ आणली. फोर्डच्या ‘ब्रॉन्को’ने 1960च्या दशकातले गोल दिवे परत आणले आणि त्यांच्या मधून एलईडीची आडवी पट्टी ओढली. मर्सिडीजची ‘जी-क्लास’ 2018 मध्ये जवळजवळ संपूर्ण नवी झाली, पण दिवे गोलच ठेवले. ह्युंदाईने ‘आयोनिक 5’ काढताना 1970च्या दशकातल्या ‘पोनी’च्या सरळ, कापीव रेषा समोर ठेवल्या आणि दिवे छोट्या चौकोनी ठिपक्यांचे केले. या सगळ्यात ह्युंदाईचं काम सर्वांत समंजस वाटतं. तिथे जुन्या गाडीचा स्वभाव घेतलाय, दिवा मात्र आजचा आहे.

काही जुने चेहरे परत येण्यासारखे नाहीत, आणि ते बरंच आहे. लागतील तेव्हाच गाडीच्या अंगातून वर उघडणारे दिवे 1936च्या ‘कॉर्ड 810’पासून 1989च्या माझदा ‘एमएक्स-5’पर्यंत अनेक पिढ्यांच्या स्वप्नात होते. नाक जमिनीलगत हवं आणि दिव्याची उंची नियमात हवी, या पेचावर पुढे ते उत्तर ठरले. पादचाऱ्याला धडक बसली तर अशी वर आलेली कठीण धार काय करील, हा विचार पुढे आल्यावर त्यांचा काळ संपला. 2004च्या सुमारास शेवटच्या ‘लोटस एस्प्रिट’ आणि ‘कॉर्व्हेट’बरोबर ते गेले.

आता महाराष्ट्राकडे यायला हरकत नाही, कारण गोल दिव्याचा एक वाद थेट मुंबईतल्या कंपनीच्या दारात येऊन थांबला होता. महिंद्र अँड महिंद्रने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि उभ्या फटींची जाळी व तिच्या दोन बाजूंना गोल दिवे हा चेहरा इथल्या गावखेड्यांत, पोलिसठाण्यांत, वनखात्यात घरचाच झाला. त्याच परंपरेतली ‘रॉक्सर’ ही शेतावर, रानात चालवायची गाडी कंपनीने 2018 मध्ये अमेरिकेत आणली. जीपचे त्या वेळचे मालक फियाट क्रायस्लर यांनी तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. गोल दिव्यांभोवती वळसा घेणारी उभ्या फटींची जाळी, सपाट बॉनेट, चौकटी अंग हा सगळा मेळ म्हणजे आमची ओळख आहे, असा त्यांचा दावा होता. 2020 मध्ये आयोगाचा निर्णय महिंद्रच्या विरोधात गेला आणि ‘रॉक्सर’ला नवं नाक लावावं लागलं. सत्तर वर्षं इथे वापरात असलेला चेहरा तिथे दुसऱ्याच्या मालकीचा निघाला. नाशिकमध्ये बनणाऱ्या ‘थार’ने मात्र भारतात गोल दिवे सोडलेले नाहीत, आणि 2024ची पाच दारांची ‘थार रॉक्स’ही तीच गोलाई एलईडीत घेऊन आली. खरेदी करणारा तरुण विलीज जीपमध्ये कधी बसलेला नसतो, तरी त्याला तो दिवा ओळखीचा वाटतो.

दुचाकीतही हेच. बजाजने 1972 पासून घराघरांत पोचवलेल्या ‘चेतक’चं नाव 2020 मध्ये विजेवरच्या स्कूटरला दिलं, आणि दिव्यात नालेच्या आकाराची एलईडीची रेघ घातली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव असलेल्या स्कूटरला घोड्याची नाल शोभते, आणि हा तपशील जाहिरातीविना नजरेत भरतो. याउलट मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीला असा वारस लाभला नाही. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती शहराची खूण होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. तिच्या गोल दिव्यांवरची छोटी पापणीसारखी कड कुठल्याही डिझायनरला उपयोगी पडावी अशी होती.

चेहऱ्याच्या या प्रेमात जे हरवलं त्यातली पहिली गोष्ट म्हणजे माप. अँबेसिडर असो, जीप असो की बुलेट, 7 इंची गोल दिवा महामार्गावरच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळायचा. दगड लागून काच फुटली तर मेकॅनिक चार स्क्रू काढून नवा दिवा बसवायचा आणि भिंतीवर झोत टाकून फोकस लावून द्यायचा. आज दिव्याचा आकार प्रत्येक मॉडेलचा वेगळा, डावा वेगळा, उजवा वेगळा. आतली एलईडीची एक रेघ विझली तरी अनेक गाड्यांत ती सुटी मिळत नाही. अख्खी असेंब्ली घ्यावी लागते आणि बिल हजारांत जातं, महागड्या गाड्यांत लाखात. मॉडेल बंद होऊन काही वर्षं गेली की ती असेंब्ली मिळणंही मुश्कील. जुना गोल दिवा पन्नास वर्षांच्या जीपला आजही बसतो. आजच्या गाडीला पन्नास वर्षांनी हेडलाइट कोण देणार?

काचही गेली. जुन्या दिव्यांवर खरी काच असायची, तिला ओरखडे पडले तरी ती पिवळी पडत नसे. आजचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असतं. हलकं, फुटायला कठीण, पादचाऱ्यासाठी सुरक्षित. पण उन्हाने त्यावरचा लेप झिजला की ते पिवळट, धुरकट होतं. आपल्याकडच्या उन्हात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे दिवे काही वर्षांत मोतीबिंदू झाल्यासारखे दिसू लागतात आणि उजेड विखरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

समोरच्याचे डोळे ही खरी मोठी गोष्ट. जुन्या वाहनचालकांना आठवत असेल, एके काळी आपल्याकडे हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असायचा, किंवा मधोमध काळा ठिपका असायचा. तो नसला तर वाहतूक पोलीस गाडी अडवत. उपाय ओबडधोबड होता, चालकाचाच थोडा उजेड त्यात जायचा, पण त्यामागचा विचार स्वच्छ होता: माझ्या दिव्याने समोरून येणारा आंधळा होता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 आजही हेच सांगतो. दिव्यापासून 8 मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसाला झोताने दिपवता कामा नये, इतका तो खाली वळवलेला असावा. नियम स्पष्ट आहे. रात्री आठनंतर कुठल्याही महामार्गावर तो पाळला गेलेला क्वचित दिसतो.

याला काही अंशी आजचं डिझाइनही जबाबदार आहे. 178 मिलिमीटर व्यासाच्या गोल दिव्याचं क्षेत्रफळ साधारण 250 चौरस सेंटिमीटर भरतं. आजच्या फॅशनमधली 3 सेंटिमीटर उंच, 10 सेंटिमीटर रुंद फट म्हणजे अवघी 30. जेवढा उजेड पूर्वी मोठ्या तबकडीवर पसरायचा त्याहून जास्त उजेड आता या चिंचोळ्या फटीतून येतो. एकूण प्रकाश नियमाच्या मर्यादेत असला तरी लहान जागेतून येणारा प्रकाश डोळ्याला जास्त टोचतो. त्यात एसयूव्हीचे दिवे उंचावर असतात. आंतरराष्ट्रीय नियम डिपरचा दिवा जमिनीपासून 500 ते 1200 मिलिमीटरच्या दरम्यान बसवू देतात, आणि वरच्या मर्यादेजवळचा दिवा छोट्या मोटारीतल्या चालकाच्या आरशात थेट भिडतो. पुण्यात बनणाऱ्या टाटा ‘हॅरियर’सारख्या गाड्यांनी वरती फक्त दिवसा जळणारी बारीक रेघ ठेवली आणि मुख्य दिवा खाली बंपरमध्ये नेला. किरकोळ धडकेत तो दिवा आधी फुटतो ही त्याची अडचण खरी, पण समोरच्याच्या डोळ्यांच्या दृष्टीने ती जागा योग्य आहे. जुन्या चेहऱ्याशी याचं काही नातं नाही, तरी याचं कौतुक व्हायला हवं.

आणि मग बाजारातला एलईडी बल्ब. हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. हॅलोजनच्या एच-4 बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली चमच्यासारखी एक इवलीशी धातूची वाटी बसवलेली असते. ती तारेचा खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे आरशाच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि झोत खाली, रस्त्यावर जातो. तारेची जागा किंचित हलली तरी ही रचना बिघडते. अशा दिव्यात बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब घातला की चिप तारेच्या नेमक्या जागी नसते, वाटीचं काम धड होत नाही आणि उजेड वर, बाजूला, सगळीकडे उधळतो. मालकाला गाडी उजळल्यासारखी वाटते, कारण जवळचा रस्ता पांढरा फटक दिसतो. लांबचा रस्ता मात्र आधीपेक्षा काळोखा होतो आणि समोरून येणारा दुचाकीस्वार काही क्षण काहीच पाहू शकत नाही. हौस म्हणून जुन्या गोल दिव्याच्या गाड्यांत हे सर्रास केलं जातं.

‘डीएस’ने 1967 मध्ये सोडवलेला प्रश्न तर आपल्याकडे डॅशबोर्डवरच्या एका दुर्लक्षित चाकावर सोपवलेला आहे. 0 ते 3 असे आकडे असलेलं ते चाक झोत खाली-वर करतं. गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीत मागे चार माणसं, डिकीत सामान, मखराचे खोके; मागचा भाग दबतो, पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागतात. कशेडी घाटात समोरून येणारा प्रत्येक चालक त्याचा त्रास सोसतो. ते चाक 2 किंवा 3 वर फिरवलं की काम होतं. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते कोणी शिकवत नाही आणि गाडी हातात देताना शोरूममध्ये कोणी दाखवत नाही. दुसऱ्या टोकाला, मर्सिडीजच्या एका अत्याधुनिक हेडलाइटमध्ये प्रत्येक दिव्यात 13 लाख सूक्ष्म आरसे आहेत, समोरच्या गाडीपुरताच अंधार ठेवून बाकी रस्ता उजळवण्याची करामत ते करतात. अमेरिकेने अशा दिव्यांना 2022 मध्ये मान्यता दिली. हे तंत्रज्ञान उतरत उतरत मध्यम किमतीच्या गाड्यांत येईलच, तोवर आपल्याकडे निदान स्वतःहून पातळी सांभाळणारे दिवे सक्तीचे व्हायला हवेत. 1967 मध्ये दांड्यातारांनी जमलेलं काम आज एका स्वस्त सेन्सरला जड नाही.

म्हणून चाकण, पिंपरी, नाशिक आणि मुंबईत बसून गाड्यांचे चेहरे रेखाटणाऱ्या माणसांकडे मागणी ही की गोल दिवा जरूर ठेवा, पण त्याच्या मागचा मोठेपणाही ठेवा. प्रकाश देणारं क्षेत्र मोठं असू द्या. एलईडीचं मॉड्यूल, त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि दिवसा जळणारी रेघ हे भाग वेगवेगळे, ठरावीक मापात मिळू द्या, म्हणजे एक विझला तर अख्खी असेंब्ली फेकावी लागणार नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थांकडे हेडलाइट तपासण्याची यंत्रणा आहे. तिथल्या चाचणीत रिकाम्या गाडीइतकंच महत्त्व पूर्ण भरलेल्या गाडीलाही मिळू द्या. आणि गाडी घेणाऱ्याने बुकिंगची पावती फाडण्याआधी सनरूफच्या जोडीला दोन प्रश्न विचारावेत: या मॉडेलच्या एका हेडलाइटची पूर्ण किंमत किती, आणि त्यातला कोणता भाग सुटा मिळतो. उत्तर लेखी घ्यावं.